अग्निसाक्ष आणि छायासाक्ष

आपल्या विवाहसंस्कारात साक्षीदारांची वानवा कधीच नव्हती. अग्नी हा मुख्य साक्षी. त्याच्या जोडीला कुलदेवता, उपाध्याय, दोन्ही घरची वडीलधारी मंडळी आणि अक्षता टाकणारा सारा समाज. या परंपरागत साक्षीदारांच्या पंक्तीत गेल्या शेसव्वाशे वर्षांत आणखी एक साक्षीदार येऊन बसला आहे. त्याला मंत्र येत नाहीत, गोत्र-प्रवर नाही, निमंत्रणपत्रिकेत त्याचे नावही नसते. पण त्याच्यावाचून आज लग्न लागतच नाही असे वाटावे इतका त्याचा अधिकार वाढला आहे. हा साक्षीदार म्हणजे छायाचित्रकाराचा कॅमेरा. तो मांडवात केव्हा व कसा आला, त्याने कोणाला चौकटीत घेतले व कोणाला बाहेर ठेवले, न्यायासनापुढे त्याच्या साक्षीचे मोल काय, आणि देवळांच्या अग्रशाळांतून आता त्याला जागा द्यावी ती कोठे, या प्रश्नांचा थोडा ऐतिहासिक विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कॅमेऱ्यापूर्वीच्या काळाकडे वळू. गोमंतकात लग्न ही एके काळी चोरून करण्याची गोष्ट झाली होती, हे येथील वाचकांस नव्याने सांगावयास नको. सतराव्या शतकात पोर्तुगीज मुलखात हिंदूंनी उघडपणे विवाहविधी करू नयेत असे हुकूम निघाले, आणि अनेक कुटुंबांना नदी-खाडी ओलांडून पलीकडच्या मुलखात जाऊन मंगलकार्य उरकावे लागले. देव जसे अंत्रुजेत गेले, तशीच लग्नेही गेली. पुढे १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने मुख्यतः नवख्रिस्ती कुटुंबांना उद्देशून एक विस्तृत जाहीरनामा काढला. लग्नात ओव्या गाऊ नयेत, हळद-तेल लावू नये, विडे-फुले पूर्वरीतीने देऊ नयेत, अशी निषेधांची लांबलचक यादी त्यात होती. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या जाहीरनाम्याचा परिचय करून दिला आहे.

कायद्याच्या अभ्यासकाला या यादीत एक वेगळीच गंमत दिसते. जे नष्ट करावयाचे ते आधी नीट पाहावे लागते, आणि पाहिलेले लिहावे लागते. आमच्या पूर्वजांनी आपल्या घरच्या लग्नाचे वर्णन सहसा लिहून ठेवले नाही. ते रोजच्या ओळखीचे होते, मग लिहायचे कोणासाठी? ते लिहिले त्याचा उच्छेद करू पाहणाऱ्यांनी. त्यामुळे अठराव्या शतकातील गोमंतकीय लग्नाचे तपशीलवार चित्र आज आपल्याला एका बंदीहुकुमातून न्याहाळावे लागते. नोंद कोण करतो यावर पुढच्या पिढ्यांना काय दिसणार हे ठरते. लग्नाच्या छायाचित्रांचा इतिहास वाचताना हे सूत्र मनाशी धरून ठेवणे उपयोगी पडेल.

छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाला, आणि पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. गोमंतकीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, पेडणे महालातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेत निपुणता मिळविणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच सुमारास मुंबईत हा व्यवसाय सुरू केला. असे असूनही, त्या काळातील एखाद्या हिंदू लग्नाचे, प्रत्यक्ष मंगलाष्टकांच्या वेळचे, छायाचित्र शोधू जाता निराशाच पदरी पडते.

याचे कारण सनातनीपणात शोधण्याची घाई करू नये. मुख्य अडचण यंत्राची होती. १८५१ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर रसायनाचा ओला थर देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन ते उघड करावे लागे. कॅमेऱ्यापुढच्या माणसाने काही सेकंद निश्चल राहणे आवश्यक असे. आपल्याकडे मुहूर्त घटिकापात्रावर ठरत असे, आणि त्यातही गोरज मुहूर्ताची आवड मोठी. म्हणजे सूर्य मावळतीला, माटवावर झावळ्यांचे छत, खाली समयांचा उजेड, आणि अक्षता टाकण्यास अधीर झालेला समुदाय. त्या काळच्या कॅमेऱ्याला यांपैकी एकही गोष्ट मानवणारी नव्हती. नुसते स्थिर राहणे किती कठीण होते याचे उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्यातच आहे. जानेवारी १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. त्या दिवशी मायलेकी व प्रिन्स अल्बर्ट यांची तसबीर घेण्यात आली. परंतु भावनावेगाने राणी इतकी थरथरत होती की तिचा चेहरा पुसट उमटला. तसबिरीतला हा दोष राणीने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. मुलीची पाठवणी करणाऱ्या आईचे याहून खरे चित्र कोणते असणार, असा विचार मनात येतो.

यंत्राच्या जोडीला मनाचीही अडचण होतीच. तसबीर काढल्याने आयुष्य घटते हा समज पुष्कळ दिवस टिकून होता. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन दादासाहेब फाळके यांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा हाच समज त्यांच्या आड आला असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. स्त्रियांच्या बाबतीत परक्या पुरुषापुढे बसण्याचा संकोच अधिक. लाला दीनदयाळ यांनी यावर एक तोड काढली. इंदुरास सरकारी चाकरीत असताना त्यांनी ही कला आत्मसात केली. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार होऊन १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेस पेढी घातली, आणि १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्रे घेणारी एक इंग्रज बाई होती. पडद्यातील घराण्यांच्या लेकीसुना कॅमेऱ्यासमोर येऊ लागल्या त्या अशा मार्गाने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरड्या काचा मिळू लागल्या. मोठ्या शहरांपाठोपाठ लहान गावांतही स्टुडिओ निघाले. गोव्यात सौझा आणि पॉल या पेढीने १८९० च्या सुमारास येथील दृश्यांचा संग्रह सिद्ध केला. आता लग्नाची तसबीर शक्य झाली. परंतु ती लग्नानंतरची. दुसऱ्या दिवशी उजेड चांगला पाहून अंगणात जाजम अंथरावे, घरातील साऱ्या खुर्च्या बाहेर आणाव्यात, मध्यभागी वधूवरांस बसवावे आणि दोन्ही बाजूंस वयोमानाप्रमाणे मंडळी मांडावीत, अशी ही रीत. मांडावीत हाच शब्द येथे योग्य आहे. कोण बसले व कोण उभे राहिले, कोणाच्या डोक्यावर पागोटे व कोणाच्या अंगात विलायती कोट, यावरून त्या कुळाची सारी घडी वाचता येते. खापरपणज्यांच्या चेहऱ्यावर हसू नसे. ते त्यांच्या स्वभावाचे लक्षण म्हणण्यापेक्षा हलू नये म्हणून धरलेल्या श्वासाचे लक्षण मानणे न्यायाचे होईल.

अशा तसबिरी आजही अनेक घरांच्या चौकीत टांगलेल्या दिसतात. त्या न्याहाळताना दिसणाऱ्यांची मोजदाद सगळेच करतात; न दिसणाऱ्यांची मात्र कोणी करीत नाही. नवऱ्या मुलाची विधवा आत्या, जिने पापड-लोणच्यांपासून रुखवतापर्यंत सारी तयारी केली, ती त्या चित्रात बहुधा नसते. मंगलप्रसंगी तिने पुढे येऊ नये ही रूढी यंत्राने निमूटपणे पाळली. पहाटेपासून सनई वाजविणारे, चुलाण्यापाशी घाम गाळणारे आचारी, माटव घालणारे कुळवाडी, हेही नाहीत. १७३६ च्या जाहीरनाम्यात निदान शत्रूच्या भीतीने सर्व काही लिहिले गेले. आपण आपल्या हाताने घेतलेल्या चित्रात आपल्याच माणसांना वगळले. ही गोष्ट कटू आहे, पण ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

मग कॅमेरा अंगणातून माटवात शिरला कसा? प्रकाशाच्या जोरावर. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लखलखाट करण्याची युक्ती निघाली. पण झावळ्यांच्या छताखाली भडका उडविणारी व धूर सोडणारी ही वस्तू कोणता यजमान घरात येऊ देईल? १९२९ च्या सुमारास काचेच्या गोळ्यात बंदिस्त असा दिवा आला आणि ते भय संपले. त्याच दशकात लायकासारखे लहान कॅमेरेही निघाले होते. आपल्याकडे ही साधने सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या हाती स्वातंत्र्याच्या आगेमागे आली, आणि तेथून लग्नाच्या तसबिरीचे स्वरूप पालटले. पूर्वी लग्न झालेल्या कुटुंबाचे चित्र निघे. आता लग्न होत असतानाचे चित्र निघू लागले. अंतरपाट दूर होण्याचा क्षण, लाजाहोमातील लाह्या, मुलीचा हात सोडताना बापाचा आवळलेला ओठ, हे सर्व कागदावर उमटू लागले. हा लाभ लहान नाही, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे.

याच काळात दुसरे एक पात्र रंगभूमीवर आले. ते म्हणजे कॅमेरा बाळगणारा पाहुणा. साठ-सत्तरच्या दशकांत बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-३ हा साधा डबा पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. उटकमंडच्या सरकारी कारखान्यातून १९६७ पासून ‘इंदू’ नावाची देशी फिल्म निघू लागली. तो कारखाना आता बंद पडला आहे. पण बारा चित्रांचा तो हिशेब मोठा शहाणपणाचा होता. बारांतली एक देवकाला, एक आजीला, दोन वधूवरांना, असे वाटे मनात ठरवूनच पाहुणा कॅमेरा डोळ्याला लावी, आणि उरलेला सारा वेळ पाहुणा म्हणून वागे. आमच्या विद्यार्थिदशेत रोल छत्तीस चित्रांचा झाला होता. आप्तांच्या लग्नांत तो आम्हीही वापरला आहे, व एकदोन वेळा छायाचित्रकाराच्या हाताखाली दिवा धरून उभेही राहिलो आहो. यजमानाच्या पंक्तीला बसणारा आणि उपाशीपोटी पंक्तीची चित्रे घेणारा, या दोघांची दृष्टी किती निराळी असते हे तेव्हाच ध्यानात आले. पाहुण्याला चित्र साधले नाही तर हसण्यावारी जाते. धंदेवाल्याला तसे नाही; सप्तपदी पुन्हा होत नाही, आणि रोल फुकट गेला तर त्याचे नाव गावातून जाते.

आता कायद्याचा विचार. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याचे सातवे कलम सांगते की, विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे लागला पाहिजे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. १९६५ साली भाऊराव लोखंडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने द्विभार्येच्या आरोपातून अपीलकर्त्याची सुटका केली ती याच मुद्द्यावर. दुसरे लग्न आवश्यक विधींसह झाल्याचे सिद्ध झाले नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, विधीच झाले नसतील तर नोंदणीच्या दाखल्याने विवाह निर्माण होत नाही, आणि विवाह हा खाण्यापिण्याचा व नाचगाण्याचा प्रसंग नसून संस्कार आहे. गोव्याची व्यवस्था निराळी. येथे हा अधिनियम लागू झालेला नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आणि १९१० चा विवाहविषयक कायदा यांच्या परंपरेने निबंधकापुढील सह्यांना महत्त्व आहे. म्हणजे मांडवीच्या तीरावर कागद आधी आणि होम मागाहून, तर बेळगावात होम आधी आणि कागद मागाहून.

या दोन्ही व्यवस्थांत छायाचित्राचे स्थान काय? ते साहाय्यक पुराव्याचे आहे, त्याहून अधिक नाही. हार घातलेले वधूवर दिसले म्हणजे सप्तपदी झाली असे सिद्ध होत नाही. जुन्या काळी वाद निघाल्यास छायाचित्रकारास साक्षीला बोलावीत, आणि मूळ निगेटिव्ह हजर करावयास सांगत. मांडवात मुका राहिलेला हा साक्षीदार न्यायालयात शपथेवर बोलत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार संगणकीय प्रतिमेस ठराविक प्रमाणपत्राची जोड द्यावी लागते. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले: चित्रामागे उत्तरदायी माणूस उभा असला पाहिजे.

मालकीविषयीही एक गोष्ट लोकांस ठाऊक नसते. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले व उलट करार केलेला नसला, तर त्या चित्राचा प्रथम मालक ते काढवून घेणारा असतो. म्हणजे भाड्याच्या छायाचित्रकाराने काढलेले चित्र यजमानाचे. पण हौशी पाहुण्याने फुकट काढलेले चित्र मात्र त्या पाहुण्याचे! कायद्याने त्याला हा हक्क दिला असला तरी अतिथिधर्माने मर्यादाही घातली आहे. दुसऱ्याच्या लेकीचा रडवेला चेहरा चव्हाट्यावर मांडण्यापूर्वी तिच्या घरच्यांस विचारावे, हे सांगण्यास कलमाची गरज पडू नये.

एकोणीसशे ऐंशीनंतर व्हिडिओ आला, या शतकाच्या आरंभी फिल्मविरहित कॅमेरा आला, आणि त्यानंतर प्रत्येकाच्या खिशात तो जाऊन बसला. चित्राला आता दाम पडत नाही, म्हणून ते किती काढावे याला धरबंध उरलेला नाही. अंतरपाट दूर होतो तेव्हा वडीलधाऱ्यांना दिसतात त्या उंचावलेल्या हातांतील फोनच्या पाठी. अक्षता टाकण्यास हात मोकळा नसतो. उपाध्यायांना ‘भटजी, जरा थांबा’ असे सांगून हार पुन्हा घालवून घेतात, मंगळसूत्र पुन्हा बांधवून घेतात. येथे साक्षीदार कर्ता बनला. ज्याने घडलेले सांगावयाचे, तो काय घडावे हे ठरवू लागला. न्यायालयात असा साक्षीदार आम्ही उलटतपासणीत टिकू देणार नाही. मग देवाच्या दारी तो का चालावा?

याचा दोष मात्र एकट्या छायाचित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याला अमुक सिनेमासारखे चित्र हवे अशी फर्माईश करणारा यजमानच असतो. पुन्हा हार घालावयास लावणारा हात छायाचित्रकाराचा असला तरी आज्ञा पैसे मोजणाऱ्याची असते. त्या गरीब माणसाच्या वाटेत फोन घेऊन उभे राहणारे आपण पाहुणेच असतो, आणि मागाहून चित्रे बरी आली नाहीत म्हणून नावे ठेवणारेही आपणच.

म्हणून काही व्यवहारी सूचना करतो. देवस्थानांच्या अग्रशाळांतून लग्नास जागा देताना समित्यांनी छायाचित्रणास सरसकट बंदी घालू नये; गर्भागाराची मर्यादा आहे ती राहावीच. मात्र होमाच्या एका बाजूस छायाचित्रकारांसाठी ठराविक जागा आखून द्यावी, आणि संकल्पापासून सप्तपदीपर्यंत कोणताही विधी चित्रासाठी थांबविला वा पुन्हा केला जाणार नाही अशी अट पावतीवरच छापावी. मंगलाष्टके चालू असताना पाहुण्यांनी फोन खाली ठेवावेत, हे उपाध्यायांनी आरंभीच सांगावे. त्यांच्या शब्दास अजून मान आहे. यजमानाने छायाचित्रकारास आधी जेवू घालावे, आणि त्याला द्यावयाच्या यादीत घरातील विधवा आजी-आत्या, आचारी, वाजंत्री व माटवकरी यांची नावे आवर्जून लिहावीत. आपल्या पणजोबांच्या तसबिरीत जी उणीव राहिली ती भरून काढणे आपल्या हाती आहे.

शेवटची सूचना सर्वांत सोपी व सर्वांत दुर्लक्षित. हजारो चित्रांतून पंचवीस निवडून कागदावर छापून घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने तिथी, गाव व डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. घरातील जुन्या तसबिरींचेही हेच करावे, आणि ते वडील मंडळी हयात आहेत तोवरच करावे. वारसाहक्काच्या कामांत ऐंशी वर्षांपूर्वीची उत्तम तसबीर हाती यावी, चेहरे स्वच्छ दिसावेत, आणि त्यांपैकी कोण कोणाचा हे सांगणारा एकही माणूस उरलेला नसावा, असे प्रसंग वकिलाला अपरिचित नाहीत. अशा वेळी त्या चित्राची साक्ष मुकी ठरते. अग्नीला सर्वांची नावे ठाऊक असतात अशी आपली श्रद्धा आहे. कागदाला मात्र ती आपल्यालाच सांगावी लागतात.